‘खटक’ आवाज आला म्हणजे कॅमेरा चालू झाला का? जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या धंद्याबद्दल माझं स्पष्ट मत



जुने फिल्म कॅमेरे स्वस्तात घ्या, पुसून चकाचक करा आणि तिप्पट भावाने विका, असे व्हिडिओ सध्या भरपूर फिरतात. ते बघून नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर इकडून एकच प्रश्न येतो. "सर, काकांचा याशिका कपाटात पडून आहे, गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे दोन झेनिट आहेत. यात धंदा आहे का?"

माझं उत्तर आहे, हो. पण तो कॅमेरे विकण्याचा धंदा नाही, कॅमेरे तपासून देण्याचा आहे. या दोन गोष्टींमधला फरक ज्याला कळला त्याचे पैसे वाचतील. ज्याला नाही कळला त्याच्या घरात सहा महिन्यांनी वीस कॅमेऱ्यांचं भंगार साठलेलं असेल.

मोबाईल आणि कॅमेऱ्यात फरक काय?

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक काउंटरवरच तपासून घेतं. डिस्प्ले लागला का, स्पीकर वाजतो का, चार्जिंग होतंय का. दोन मिनिटांत विषय संपतो.

फिल्म कॅमेऱ्याचं तसं नाही. गिऱ्हाईक कॅमेरा घेऊन जातं, रोल घालतं, ३६ फोटो काढतं, रोल पुण्याला किंवा हैदराबादला धुवायला पाठवतं. मग दोन-तीन आठवड्यांनी कळतं की सगळे फोटो पांढरेफटक आलेत किंवा प्रत्येक फोटोवर लाल पट्टा आहे. तोपर्यंत रोल, धुलाई आणि स्कॅन धरून हजाराच्या पुढे खर्च झालेला असतो. आणि बहिणीच्या हळदीचे फोटो तर परत काढता येत नाहीत.

म्हणजे या मालाचा दोष काउंटरवर दिसतच नाही. जिथे गिऱ्हाइकाला स्वतः तपासता येत नाही, तिथे ते तुमच्या शब्दावर पैसे देतं. सोन्याच्या दुकानात कसोटीला किंमत असते ती याच कारणाने. "कॅमेरा चालू आहे" हे तीन शब्द हाच तुमचा खरा माल आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा.

आवाजावर जाऊ नका

एक उदाहरण देतो. याशिका इलेक्ट्रो ३५ हा जपानी कॅमेरा १९६६ मध्ये बाजारात आला. आपल्याकडे अजूनही जुन्या घरांत आणि स्टुडिओंत तो सापडतो. याचं शटर किती वेळ उघडं राहायचं हे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं आणि त्या सर्किटला बॅटरी लागते. बॅटरी नसेल तरी बटण दाबल्यावर ‘खटक’ असा झकास आवाज येतो. फक्त तेव्हा शटर एकाच वेगाने चालतं, १/५०० सेकंद. उन्हात कदाचित फोटो येईल, घरात काढला तर काळा.

आता विकणाऱ्याने आवाज ऐकवला, घेणाऱ्याने मान डोलवली आणि व्यवहार झाला. यात कुणी मुद्दाम फसवलं असंही नाही. दोघांनाही माहीत नव्हतं.

याच कॅमेऱ्याच्या आत रबराचा एक छोटा तुकडा असतो. पन्नास वर्षांत तो वाळून भुगा होतो आणि शटरचं गणित बिघडतं. रोल पुढे ओढायचा लिव्हर फिरवताना आतून ‘टक्’ असा वेगळा आवाज आला तर तो तुकडा शाबूत आहे, असं जाणकार ओळखतात. किती छोटी गोष्ट आहे बघा. पण ती माहीत असणारा माणूस तपासणीचे पैसे घेऊ शकतो.

दहा मिनिटांची तपासणी

कॅमेरा हातात आला की याच क्रमाने जा.

१. आत रोल आहे का बघा. मागचं झाकण उघडायच्या आधी रोल मागे गुंडाळायची चावी बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. अडल्यासारखी लागली तर आत रोल आहे. तो आधी पूर्ण गुंडाळून घ्या, मगच झाकण उघडा. त्या रोलमध्ये कुणाच्या तरी वारलेल्या वडिलांचा शेवटचा फोटो असू शकतो. ही पायरी कधीच चुकवायची नाही.

२. बॅटरीचा कप्पा उघडा. जुना सेल आत राहून फुटला असेल तर पांढरा किंवा हिरवा थर दिसेल. साध्या सेलचा पांढरा थर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून निघतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. पण वायरच आतून खाल्ली गेली असेल तर नुसतं पुसून भागत नाही.

३. शटर बघा. मागचं झाकण उघडं ठेवून उजेडाकडे धरा आणि प्रत्येक स्पीडवर चालवा. बहुतेक वेळा १/२५०, १/५०० ठीक वाटतात आणि १ सेकंद, १/२ सेकंद अडकतात. कारण आतलं वंगण घट्ट झालेलं असतं. कापडी पडद्याचं शटर असेल, उदाहरणार्थ झेनिट, तर लेन्स काढून अंधारात समोरून टॉर्च मारा आणि मागून बघा. पडद्यात टाचणीएवढी भोकं असतील तर तारे दिसतात.

४. फोम बघा. बऱ्याच जपानी कॅमेऱ्यांत झाकणाच्या कडेला उजेड अडवायला फोम लावलेला असतो. तो कालांतराने डांबरासारखा चिकट होतो आणि तिथून उजेड शिरतो. फोटोवरचा लाल किंवा पिवळा पट्टा बहुतेक वेळा याचाच असतो. जुना फोम अल्कोहोलने काढून नवीन पातळ काळा फोम लावायचा. खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवूनही काम होतं आणि लोकर कुठल्याही बाजारात मिळते.

५. लेन्स बघा. टॉर्च तिरकी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे. इथे मराठवाड्याला थोडा फायदा आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेपेक्षा आपली हवा कोरडी, त्यामुळे बुरशी तुलनेने कमी. पण आपलं ऊन वेगळा त्रास देतं. पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षं पडलेल्या लेन्समधलं वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरतं. पाती चिकटली की उजेड कमी-जास्त होत नाही. आणि कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका. पावसाळ्यात ते कव्हरच ओल धरतं.

६. मीटर बघा. मोबाईलवर लाईट मीटरचं फुकट ॲप मिळतं, त्याच्याशी ताडून बघा. जुने बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे आणि ते सेल आता मिळत नाहीत. १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटर चालतं, पण अनेक मॉडेलमध्ये चुकीचं दाखवतं. यावर उपाय श्रवणयंत्राच्या दुकानात आहे. निळ्या पट्टीचा ६७५ नंबरचा सेल साधारण १.४ व्होल्ट देतो. आकाराने लहान असतो म्हणून भोवती रबरी रिंग बसवावी लागते आणि पट्टी काढली की तो काही आठवड्यांत उतरायला लागतो. हे सगळं गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

आता चार "करू नका". शटरच्या पात्यांवर शिलाई मशीनचं तेल सोडू नका, ती पाती कोरडीच चालायला हवीत. गंज काढायचा स्प्रे आत मारू नका. प्लास्टिकला नेलपेंट रिमूव्हर लावू नका, प्लास्टिक विरघळतं. आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं आहे. आतच फ्लॅश असलेला छोटा कॅमेरा नीट शिकल्याशिवाय उघडू नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. तो झटका गमतीचा नसतो.

कोणता कॅमेरा घ्यायचा, कोणता परत करायचा

माझ्या मते या धंद्यातलं खरं कौशल्य नाही म्हणण्यात आहे.

लोक जे कॅमेरे घेऊन येतील त्यात नव्वदच्या दशकातले कोडॅक केबी-१० सारखे प्लास्टिकचे डबे खूप असतील. साधी लेन्स, फोकस करायची सोयच नाही. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. असे कॅमेरे हात बसवायला ठेवा. दहा वेळा उघडा, दहा वेळा जोडा.

बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने भारतात बनवलेला आग्फा क्लिक-३ हा दुसरा नेहमीचा पाहुणा. यात १२० नंबरचा रुंद रोल लागतो आणि १२ चौकोनी फोटो निघतात. रचना इतकी साधी की नवशिक्याला शिकायला उत्तम. पैसे फार मिळणार नाहीत, पण घरातली आठवण म्हणून लोक तो चालू करून मागतात.

पैसे मिळतात ते पूर्ण मेकॅनिकल, काचेची चांगली लेन्स असलेल्या कॅमेऱ्यांत. पेंटॅक्स के-१००० हे त्याचं ठळक उदाहरण. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत होता. बॅटरी फक्त मीटरला लागते, शटर बॅटरीशिवाय सगळ्या स्पीडवर चालतं. झेनिट-ई हा रशियन कॅमेराही तसाच दणकट, त्याच्या मीटरला तर सेलच लागत नाही.

नवीन सुटे भाग मिळत नाहीत, हे धरूनच चाला. एक चालू करायचा तर त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला कॅमेरा भागांसाठी लागतो. म्हणून दहा मॉडेल शिकू नका. दोन शिका, पण पाठ करा.

शिकायचं कुणाकडून? माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तुमच्या गावातल्या घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे जाऊन बसा. शटरचे कमी स्पीड ज्या दातेरी चाकांवर चालतात ती यंत्रणा घड्याळाच्या जवळची आहे. चिमटा कसा धरायचा, स्क्रू कुठे ठेवायचा, वंगण किती लावायचं हे त्यांच्या हाताला माहीत असतं. एक गोष्ट मात्र वेगळी घ्या, जपानी स्क्रूचा जेआयएस पेचकस. साध्या फिलिप्स पेचकसने जपानी स्क्रूचं डोकं घासून जातं आणि मग तो निघत नाही. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, जोडताना तोच नकाशा.

हिशोब मांडू

खालचे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून घेतलेत. तुमचे तुम्ही टाका.

रस्ता पहिला, घ्या आणि विका. १,५०० चा एक असे तीन कॅमेरे घेतले, ४,५०० गुंतले. त्यातला एक चालू झाला. फोम, सेल, चाचणीचा रोल, कुरिअर मिळून ८०० गेले. तो ५,५०० ला विकला. हातात २०० राहिले आणि आठ-दहा तासांची मजुरी शून्य.

रस्ता दुसरा, सेवा. पाच लोकांनी आपापले कॅमेरे आणले. प्रत्येकी २०० तपासणी, १,००० झाले. त्यातल्या दोघांनी दुरुस्ती करून घेतली, प्रत्येकी १,५०० आणि चाचणी रोलचा खर्च वेगळा. ४,००० आले. भांडवल अडकलं नाही. कॅमेरा निकामी निघाला तर तो गिऱ्हाइकाचाच होता.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आमच्याकडं लोक म्हणतेत, नुसतं बघायचे कसले पैसे ओ?" म्हणू द्या. डॉक्टर गोळी दिली नाही तरी फी घेतो, कारण बघणं हेच त्याचं काम आहे. तुम्ही फक्त एक करा, दुरुस्ती केली तर तपासणीची फी बिलातून वजा होईल असा बोर्ड लावा. आणि दुरुस्ती नको म्हणाला तर त्याला सहा मुद्द्यांचा लेखी कागद द्या. हातात कागद पडला की पैसे कशाचे घेतले हे कळतं.

निगेटिव्हची पट्टी म्हणजे तुमचं गॅरंटी कार्ड

हा माझा मुख्य आग्रह आहे. रोल घालून तपासल्याशिवाय ‘चालू’ हा शब्द वापरायचाच नाही.

१०० फुटांचा ब्लॅक अँड व्हाईट रोल मिळतो. त्यातून १२ फोटोंचे चाळीसेक छोटे रोल स्वतः भरता येतात. प्रत्येक दुरुस्त कॅमेऱ्यात एक घाला. वेगवेगळ्या स्पीडवर फोटो काढा, एक जवळचा, एक लांबचा. धुवा. ती निगेटिव्हची पट्टी, तारीख आणि कोणत्या स्पीडवर काय आलं याचा कागद पिशवीत घालून गिऱ्हाइकाला द्या. "१ सेकंदचा स्पीड कमी-जास्त होतो, वापरू नका" असं असेल तर तेही लिहा. दोष लिहून दिला तर गिऱ्हाईक जाईल ही भीती सोडा. लिहिलेल्या दोषावर कुणी भांडत नाही, लपवलेल्यावर भांडतं.

ब्लॅक अँड व्हाईट रोल घरी धुता येतो. पण आपल्या भागात दोन अडचणी आहेत, उष्णता आणि पाणी. डेव्हलपर साधारण २० अंशावर वापरायचं असतं आणि एप्रिल-मेमध्ये आपलं तापमान चाळीसच्या वर. म्हणून बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात बाटली ठेवून तापमान उतरवा आणि थर्मामीटरने मोजा. रंगीत रोलच्या डेव्हलपरला ३८ अंश लागतात. तेवढं तर मे महिन्यात गच्चीवरची टाकीच देते!

पाण्याचं मात्र गंभीर आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. अशा गावात नळ सोडून निगेटिव्ह धुणं पटत नाही आणि परवडतही नाही. इल्फर्ड कंपनीने सुचवलेली पद्धत वापरा. डबी पाण्याने भरून ५ वेळा उलटी करा, पाणी बदला, १० वेळा, पाणी बदला, मग २० वेळा. तीन डब्यांत काम होतं. बोअरचं पाणी जड असतं, त्याचे पांढरे डाग पडतात. म्हणून शेवटचा हात डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्याचा.

गिऱ्हाईक कुठे आहे?

खरं सांगायचं तर लातूर-नांदेडात रोज गिऱ्हाईक येणार नाही. गंजगोलाईत किंवा वजिराबादेत यासाठी भाड्याने गाळा घेणार असाल तर माझा स्पष्ट विरोध आहे. मोबाईल दुरुस्ती, घड्याळं, फोटो स्टुडिओ असं काहीतरी चालू असेल, तर त्याच टेबलाच्या कोपऱ्यात हे काम बसवा.

गिऱ्हाईक तीन प्रकारचं. एक, पुणे-मुंबई-हैदराबादची हौशी मुलं, जी कुरिअरने कॅमेरा पाठवतील. ही हौस अजून जिवंत आहे. २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘१७’ नावाचा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला तो काही उगाच नाही. दोन, वडिलांचा कॅमेरा चालू करून हवा असलेली आपल्याच भागातली कुटुंबं. तीन, कॅफे, प्री-वेडिंग शूट आणि नाटकवाले, ज्यांना फक्त दिसायला कॅमेरा हवा असतो. मेलेले कॅमेरे तिसऱ्या गटाला जातात, पण त्यावर ठळक ‘शोपीस’ असंच लिहून.

मागणी आली तशी जाऊही शकते, हे लक्षात ठेवा. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ नावाने रोल बनवायची, ती बंद पडली. कोडॅकसारखी कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली. म्हणून यासाठी मुद्रा कर्ज काढू नका. पेचकस, चिमटे, अल्कोहोल, फोम, धुण्याची टाकी आणि एक मोठा रोल, एवढंच घ्या आणि तेही खिशातून. उद्यम नोंदणी ऑनलाईन फुकट होते, ती करून ठेवा, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. सहा महिन्यांत दहा पैसे देणारी कामं आली नाहीत, तर थांबा. हातात आलेलं कौशल्य वाया जात नाही.

पहिलं काम या आठवड्यातच करा. घरातला किंवा ओळखीतला एक कॅमेरा मागून आणा. वरची सहा मुद्द्यांची तपासणी करा आणि कागदावर लिहा. दुरुस्ती नको, फक्त तपासणी. तो कागद मालकाला द्या आणि त्याचा चेहरा बघा. "एवढं तर मला कुणी सांगितलंच नव्हतं" असं तो म्हणाला, तर समजा तुमचा धंदा सुरू झाला.

भेटू पुढच्या व्हिडिओत.